वर्गणीतले पाचशे रुपये गेले कुठे?

समजा, ६ डिसेंबरच्या अन्नदानासाठी विहाराचे दोन कार्यकर्ते वर्गणी गोळा करताहेत, एक मीरा रोडला, दुसरा भाईंदरला. मोबाईलवरच्या सामायिक तक्त्यात एकूण रक्कम १०,००० रुपये. दोघांनी एकाच वेळी ती पाहिली. एकाने ५०० मिळवून १०,५०० लिहिले. लगेच दुसऱ्याने २०० मिळवून १०,२०० लिहिले. पाचशे रुपये हिशेबातून गायब! खिशात कोणीच घातले नाहीत, पण संशय माणसावर येतो आणि मंडळे फुटतात.

म्हणून आम्ही सांगतो, एकूण आकड्याला कोणी हात लावू नये. प्रत्येक वर्गणीची पावती क्रमांकासह वेगळी ओळ लिहावी, बेरीज तक्ता करील.

बँकेच्या संगणकात एकाचा व्यवहार चालू असताना ती नोंद कुलूपबंद राहते, दुसरा थांबतो. वीज गेली तर? खात्यात बदल करण्याआधीच तो लॉगमध्ये, म्हणजे वेगळ्या नोंदवहीत, लिहिलेला असतो. यंत्र सुरू झाले की ती वाचून पूर्ण व्यवहार कायम होतात, अर्धवट रद्द होतात. डिस्कच जळाली तर दुसरीकडची प्रत कामी येते.

यूपीआयमध्ये मात्र दोन बँका असतात, त्यामुळे पैसे मध्येच अडकू शकतात. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, एका खात्यातून गेलेली रक्कम दुसऱ्या व्यक्तीच्या खात्यात जमा झाली नाही, तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवी. दुकानदाराला दिली असेल तर मुदत पाच दिवसांची. त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही तक्रारीची वाट न पाहता.