जुनी आरएक्स, वर्ध्याचं अंगण आणि नफ्याचा खरा हिशोब

ज्यांना कानात इअरफोन घालायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित अवतार. ऑडिओत मी जिथे जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी सगळं तसंच आहे.

मागच्या महिन्यात बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. "दादा, जुनी बाईक घ्यायची, घरीच तयार करायची आणि विकायची. परवडतं का?" मी हे एकदा करून बघितलंय. म्हणून आज रीलमधलं आधी-नंतरचं चकाचक दृश्य बाजूला ठेवू आणि वही उघडू.

गाडी कशी मिळाली

देवळीकडच्या एका गावात, गोठ्यात, कडब्याच्या पेंढ्यांमागे एक यामाहा आरएक्स १०० उभी होती. १९९५ ची, एमएच-३२ पासिंग. मालक वारले होते. काकूंनी वीस हजार सांगितले. मी म्हटलं, "काकू, इंजिन जाम आहे, भंगारवाला तीन हजारही देणार नाही." शेवटी चौदा हजारांत सौदा झाला. काकू म्हणाल्या, "घेऊन जाय बापू, तेवढीच जागा मोकळी होते."

इंजिन जाम होतं, हे खरंच. पण आरएक्सला बाजारात काय मागणी आहे हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती माझ्याच अंगावर आली.

आता ही मागणी का आहे? आरएक्स १०० भारतात आली १९८५ च्या सुमारास. ९८ सीसी, टू-स्ट्रोक, साधारण ११ बीएचपी आणि वजन शंभर किलोच्या आसपास. हलकी गाडी, जोरात पिकअप. १९९६ मध्ये धुराचे नियम कडक झाले आणि त्याच वर्षी तिचं उत्पादन थांबलं. नवीन बनत नाही आणि जुन्या कमी होत चालल्या, म्हणून भाव चढतो. उलट, जी गाडी आजही गल्लोगल्ली मिळते ती तुम्ही कितीही चमकवली तरी गिऱ्हाईक नव्या गाडीचा हप्ता मोजून बघतं आणि निघून जातं.

इंजिन: उभी गाडी जास्त खराब होते

लोकांना वाटतं, गाडी चालली नाही म्हणजे झिजली नाही. टू-स्ट्रोकमध्ये उलटं होतं. यात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी खाली क्रँककेसमध्ये येतं, तिथे दाबलं जातं आणि मग वर सिलिंडरमध्ये जातं. म्हणजे क्रँककेस हवाबंद पाहिजे. ते काम क्रँकच्या दोन्ही बाजूंची रबरी सील करतात. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो. पंधरा वर्षं उभ्या गाडीतली ती सील लाकडासारखी कडक झालेली असतात. मग तिथून बाहेरची हवा आत शिरते, पेट्रोलचं प्रमाण कमी पडतं, इंजिन तापतं आणि पिस्टन धरतो. वरून नवा पिस्टन टाकला, सील जुनीच ठेवली, तर महिनाभरात खर्च पाण्यात. म्हणून पूर्ण इंजिन खोलायचं. अर्धवट नाही.

ब्लॉकचं गणित सोपं आहे. मूळ बोअर ५० मिलिमीटर आणि स्ट्रोकही ५०, त्यातून ९८ सीसी येतात. सिलिंडर झिजला की लेथवर बोर करून घ्यायचा आणि ०.२५ ने मोठा पिस्टन टाकायचा. पुढच्या वेळी ०.५०, मग ०.७५, मग १.००. त्यापुढे ब्लॉक बदला किंवा स्लीव्ह टाका. म्हणून घेतानाच हेड खोलून पिस्टनच्या डोक्यावर आकडा आहे का ते बघा. माझ्यावर ०.५० होतं, म्हणजे ब्लॉक आधीच दोनदा बोर झालेला असण्याची शक्यता. तिसरी संधी मी वापरली. हे मी नंतर गिऱ्हाईकालाही सांगितलं.

दुसरं, या गाडीला ऑइलची वेगळी टाकी आणि ऑइल पंप असतो. वर्षानुवर्षं बंद असलेल्या पंपावर लगेच विश्वास ठेवू नका. सुरुवातीच्या दोन-तीन टाक्यांना पेट्रोलमध्येच टूटी ऑइल मिसळा, धूर जास्त आला तरी चालेल.

पेट्रोलची टाकी आतून गंजलेली होती. व्हिनेगर भरून दोन दिवस ठेवलं, मूठभर नट टाकून हलवलं, मग सोड्याच्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवली आणि लगेच आतून ऑइल फिरवलं, नाहीतर संध्याकाळपर्यंत परत गंज. एक गोष्ट गमतीत घेऊ नका: भोक दिसलं म्हणून टाकी घरी वेल्डिंग करू नका. रिकाम्या टाकीत राहिलेली पेट्रोलची वाफ भरल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते.

कागद: इथे मी आपटलो

पाच महिने लागले. रविवार आणि संध्याकाळ मिळून अंदाजे दोनशे तास. पहिल्या किकला नाही, अकराव्या किकला चालू झाली. तो आवाज ऐकून शेजारचे आजोबा बाहेर आले आणि नुसते उभे राहिले. मला वाटलं, जिंकलो.

फोटो टाकले, नागपूरहून एक जण आला. गाडी बघून खूश. मग म्हणाला, "आरसी दाखवा." आरसीवर काकांचं नाव. काका नाहीत. नोंदणीची पंधरा वर्षं २०१० मध्येच संपलेली. तो हसला, हात मिळवला आणि गेला. माझ्या अंगणात पन्नास हजारांच्या आसपासचा शो-पीस उभा!

आता नीट ऐका. मालक वारला की वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. तसं कळवलं तर तीन महिने गाडी वापरता येते आणि तेवढ्या काळात फॉर्म ३१ भरून ती आपल्या नावावर करून घ्यायची. त्यानंतरच ती विकता येते, फॉर्म २९ आणि ३० वर. नोंदणी वाढवायला फॉर्म २५, तीही पाच-पाच वर्षांसाठी. त्याचं शुल्क दुचाकीला आधी ३०० होतं, एप्रिल २०२२ पासून १,००० झालं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या दुचाकीसाठी २,००० केलं गेलं. शिवाय पंधरा वर्षांवरच्या गाडीला महाराष्ट्रात पर्यावरण कर, इन्शुरन्स, पीयूसी आणि एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना एचएसआरपी नंबर प्लेट. उशिराचा दंड वेगळा. फार जुन्या गाडीची नोंद ऑनलाईन दिसतच नाही, ती आधी आरटीओत चढवून घ्यावी लागते. आणि गाडी प्रत्यक्ष नेऊन दाखवावी लागते, चेसिस नंबरचा पेन्सिलने ठसा द्यावा लागतो. तो नंबर पेंटरने लांबी भरून बुजवला तर झालंच! रंगही आरसीत लिहिलेला असतो, म्हणून मी मूळचा काळाच ठेवला.

"कागदाचं काय, नंतर बघू" म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलं की, आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणजे मी ती गाडी तशीच कुणाला दिली असती आणि अपघात झाला असता, तर नोटीस काकूंच्या दारात गेली असती.

परत काकूंच्या दारात

म्हणून परत गेलो. वारस तिघं: काकू, पुण्यात कंपनीत असलेला मुलगा आणि यवतमाळकडे दिलेली मुलगी. तिघांचीही संमती हवी. मुलाने फोनवर सरळ विचारलं, "दादा, मी ऑनलाईन भाव बघितला. चौदा हजारांत नेलीत तुम्ही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. खोटं मी काही बोललो नव्हतो, पण पूर्ण खरंही बोललो नव्हतो.

मी खर्चाची वही फोटो काढून पाठवली, पानापानाची. दोन दिवसांनी त्याचा फोन आला आणि आम्ही आणखी आठ हजारांवर थांबलो. काकू सही करताना एवढंच म्हणाल्या, "पयलेच सांगतलं असतं तं मी काय नाय म्हटलं असतं का रे?" हे वाक्य आठ हजारांपेक्षा महाग पडलं मला.

आता वही

गाडी १४,०००. ब्लॉक, पिस्टन, रिंग ४,२००. क्रँक, बेअरिंग, सील ५,३००. कार्बोरेटर, केबल, रबर २,६००. टायर, स्पोक, ब्रेक ६,४००. वायरिंग आणि बॅटरी ३,१००. पेंट आणि क्रोम ८,९००. सीट १,५००. कागदपत्रं, कर, इन्शुरन्स, चकरा ९,०००. काकूंचे वरचे ८,०००. एकूण ६३,०००.

गाडी वर्ध्यातच विकली गेली, ७८,००० ला. दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतलं गिऱ्हाईक असतं तर एनओसीसाठी साधारणपणे फॉर्म २८ चा फेरा आणखी वाढला असता. हातात राहिले १५,०००. भागिले दोनशे तास, म्हणजे तासाला ७५ रुपये. अवजारं माझी आधीचीच होती, जागा घरची होती, म्हणून एवढे तरी.

मग परवडतं का? धंदा म्हणून पहिल्या गाडीत नाही. शिकणं म्हणून, हो. दुसरी गाडी घेतली तर मी क्रम बदलेन: आधी आरसी, मग वारस, मग चेसिस नंबर, मग पिस्टनचा आकडा आणि सगळ्यात शेवटी रंग. आणि समोरच्याला तिच्या वस्तूचा बाजारभाव स्वतःहून सांगेन. भाव कमी करायचा असेल तर खर्चाची यादी दाखवून करेन.

गाडी परवा आर्वी नाक्याजवळ दिसली. नव्या मालकाने हात केला. आरसीवर त्याचंच नाव आहे, त्यामुळे मी पण निवांत हात केला.

चला, भेटू पुढच्या भागात. आणि गाडी घ्यायला निघाला असाल, तर पाना नंतर उचला, आधी कागद मागा.