एका विद्यार्थ्याची पेटी



शेजारीं इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाचा एखादा विद्यार्थी राहत असला, म्हणजे ‘प्रोजेक्ट’ हा शब्द उठतां-बसतां कानांवर येतो. टेबलावर रंगीबेरंगी तारांचा गुंता, शेजारीं उघडा लॅपटॉप, आणि रात्रीं दोन वाजेपर्यंत दिवा! यांत नेमकें काय चाललें आहे, हें वडील मंडळींना मात्र बहुधा उमगत नाहीं. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि शाळेंत अंकगणित शिकवून निवृत्त झालेला मनुष्य. तरीहि अशा एका प्रोजेक्टाचा जन्म, आजार आणि आरोग्यलाभ मीं जवळून पाहिला. तोच आज सांगणार आहें.

आमच्या पुण्यांतील इमारतींत पाण्याची एक टाकी तळाशीं व दुसरी गच्चीवर आहे. पंप सुरू करणें आणि वेळेवर बंद करणें हें काम रखवालदाराचें. तो विसरला कीं गच्चीवरून पाणी वाहूं लागे, किंवा खालची टाकी आटून पंप कोरडाच फिरे. खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांचा मुलगा माझा जुना विद्यार्थी. हें काम आपोआप करणारी पेटी बनवावयाची, असें त्यानें ठरविलें. त्याच्या सोबत्यांपैकीं दोघांनीं दुकानांतून तयार प्रोजेक्ट विकत आणले होते. परंतु यानें तसें केलें नाहीं.

अशा पेटीचे दोन भाग असतात. हाताला लागतो तो हार्डवेअर. आणि त्यास दिलेल्या आज्ञांची यादी म्हणजे सॉफ्टवेअर. हार्डवेअरमध्यें मुख्य वस्तु आर्डुइनो ऊनो नांवाची तळहाताएवढी पट्टी. आर्डुइनो जातीची पहिली पट्टी इटलींतील इव्रेआ या गांवीं २००५ सालीं विद्यार्थ्यांसाठींच तयार झाली. गच्चीवरील टाकीच्या झांकणाखालीं एक छोटें उपकरण बसविलें होतें. तें सेकंदाला ४०,००० कंपनांचा, आपल्या कानांस ऐकूं न येणारा आवाज पाण्याकडे सोडतें व प्रतिध्वनीची वाट पाहतें. हवेंत आवाज सेकंदाला सुमारें ३४३ मीटर जातो. तेव्हां पाणी एक मीटर खालीं असेल, तर जाऊन येण्यास सेकंदाचा सुमारें सहा-हजारांश भाग लागतो. तिसरी वस्तु रिले. पट्टीचा क्षीण प्रवाह पंप फिरवूं शकत नाहीं. रिलेंतील विद्युच्चुंबक ‘टक्’ असा आवाज करून मोठ्या प्रवाहाचें बटण दाबतो.

आतां आज्ञा पाहूं. पाणी पावपट उरलें कीं पंप सुरू कर. टाकी नऊ-दशांश भरली कीं बंद कर. एकच खूण कां नको? पाण्यावर लाटा उठतात; खूण एकच असती, तर पंप क्षणोक्षणीं सुरू-बंद होऊन जळाला असता. आणखी एक आज्ञा होती. टाकी भरण्यास बारा-तेरा मिनिटें लागत. म्हणून वीस मिनिटांतहि ती भरली नाहीं, तर खालीं पाणी नाहीं असें समजून पंप थांबव, लाल दिवा लाव, आणि पेटी पुन्हां लावीपर्यंत पंप सुरू करूं नकोस.

कॉलेजांत पेटी तासन्‌तास उत्तम चालली. मग तो दिवसा तींत सुधारणा करी आणि रात्रीं नऊला ती पंपास जोडी. दुसऱ्याच दिवशीं पहांटे सहाला माणसें उठलीं, पाणी उतरलें, रिले ‘टक्’ वाजला, पंपानें एक हुंकार दिला आणि तो थांबला. लाल दिवा लागला! खालची टाकी तर कांठोकांठ भरलेली. सातपर्यंत वरची टाकी रिकामी झाली, आणि डोक्याला साबण लावलेलीं मंडळी जिन्यांत येऊन ओरडूं लागलीं. मुलानें पेटी काढून पुन्हां लावली. पंप निमूट चालला.

असें तीन-चार वेळां झालें. वायरमन म्हणाला, रिले खराब. नवा आणला. दुसरा म्हणाला, आवाजाचें उपकरण दमट झालें. तेंहि बदललें. सर्व हार्डवेअर नवें झालें, दुखणें मात्र जुनेंच राहिलें. प्रोजेक्ट देण्यास आठ दिवस उरले होते. वडील म्हणाले, “पुरे झालें, तूंहि एक तयार घेऊन ये.” तोंड उतरवून तो माझ्याकडे आला. मीं म्हटलें, “मला यांतलें कांहीं कळत नाहीं. पण तूं वहींत तीन रकाने आंख: पेटी केव्हां लावलीस, पंप केव्हां सुरू झाला, काय घडलें. अंदाज मुळींच लिहूं नकोस.”

त्या वहीनेंच चोर पकडला. एका रात्रीं त्यानें पेटी अकराला लावली होती. सकाळीं कांहीं बिघडलें नाहीं. रविवारीं ती नऊलाच लावली, पण माणसें उशिरां उठलीं, पंप साडेसहाला लागला. तेव्हांहि सर्व ठीक. म्हणजे दोष पेटी लावल्यापासून नऊ तासांच्या आसपासच येत होता. मुलगा उभाच राहिला. “गुरुजी, चूक तारेंत नाहीं, माझ्या हिशेबांत आहे!”

हिशेब असा. पेटी लावल्यापासून किती सेकंद झाले हें त्यानें सोळा घरांच्या जागेंत मांडलें होतें. प्रत्येक घरांत शून्य किंवा एक एवढेंच मावतें. अशा सोळा घरांच्या मांडण्या ६५,५३६ होतात. त्यांतील निम्म्या ऋण संख्यांकडे जातात. म्हणून सर्वांत मोठी संख्या ३२,७६७. तींत एक मिळविला कीं उणें ३२,७६८ येते. मोटारींतील मैल मोजणारीं चाकें ९९,९९९ नंतर शून्यावर यावीं, तसें. ३२,७६७ सेकंद म्हणजे नऊ तास, सहा मिनिटें, सात सेकंद. सकाळीं सहाला ३२,४०० सेकंद झालेले असत. पंप थांबविण्याची वेळ ठरविण्यासाठीं त्यांत वीस मिनिटांचे १,२०० सेकंद मिळविले, तर ३३,६०० होतात. ते घरांत मावेनात, आणि त्यांच्या जागीं उणें ३१,९३६ लिहिले गेले. ठरलेली वेळ केव्हांच उलटून गेली, असें पेटीस वाटलें आणि तिनें पंप तत्काळ थांबविला. तिनें आज्ञा अक्षरशः पाळली होती.

उपाय दोन केले. सोळांच्या ऐवजीं बत्तीस घरें घेतलीं. आणि वेळेंत मिळवणी करण्याऐवजीं ‘सुरुवातीपासून किती वेळ गेला’ अशी वजाबाकी घातली. रात्रीं ११ वाजून ५० मिनिटांनंतर वीस मिनिटांनीं घड्याळांत किती वाजतील, यांत मूल चुकेल. पण मध्यरात्र ओलांडली तरी किती वेळ गेला, हें मोजतां येतें. तसेंच हें.

ही चूक केवळ विद्यार्थ्यांचीच नव्हे. ४ जून १९९६ रोजीं फ्रेंच गियानांतून सुटलेला युरोपचा एरियान ५ हा अग्निबाण पहिल्याच उड्डाणांत सुमारें चाळीस सेकंदांत नष्ट झाला. एक मोठी संख्या सोळा घरांत बसविण्याच्या प्रयत्नांत त्याची दिशा सांभाळणारी यंत्रणा बंद पडली होती. तो हिशेब आधींच्या एरियान ४ वरून घेतलेला. तेथें ती संख्या कधीं एवढी वाढत नसे.

पालकांनीं यांतून एवढेंच ध्यानांत घ्यावें. दोष तारेंत आहे कीं आज्ञेंत, हें पेटीकडे पाहून कळत नाहीं. दोन्ही भाग ज्यानें स्वतःच्या हातांनीं जुळविले असतील, त्यालाच तो शोधतां येतो. विकत आणलेली पेटी कदाचित् पहिल्याच दिवशीं चालली असती. पण बिघडल्यावर ती उघडण्याचें धैर्य त्या मुलाच्या अंगीं आलें नसतें. आपल्या मुलाचा प्रोजेक्ट अडला, तर त्याच्या हातीं पैसे देण्याआधीं एक कोरी वही द्या.

आमच्या मुलानें वहीचें तें पान प्रोजेक्टच्या अहवालांत जसेंच्या तसें जोडलें. पेटी अजून जिन्याखालीं आहे. सकाळीं सहाला ‘टक्’ असा आवाज येतो, आणि पाणी वर चढूं लागतें.