पाकीट घेतले म्हणजे गाणे विकले काय?

भीमजयंती जवळ आली की पांढरकवडा, वणी, घाटंजीकडच्या आपल्या कवी-गायकांना बोलावणी येतात. पूर्वी कॅसेटवाले येत, मग सीडीवाले, आता यूट्यूबवाले. नवी गाणी लिहून घेतात, हातावर पाकीट ठेवतात. पुढे गाणे गावोगावी वाजते आणि कवीने विचारले की उत्तर ठरलेले, "पैसे घेतले ना? मग तुमचा काय संबंध?"

संबंध आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे गीताचा पहिला मालक ते लिहिणारा. मोबदला देऊन करून घेतले म्हणून मालकी देणाऱ्याकडे जाते ती फोटो, रंगचित्र, व्यक्तिचित्र, कोरीव ठसा आणि चित्रपट एवढ्यांचीच. गीत त्या यादीत नाही. (पुतळाही नाही, त्यामुळे शिल्पकाराला न विचारता त्याच नमुन्याचे आणखी पुतळे ओतून घेऊ नयेत. विहाराच्या भिंतीवर चित्र काढणारा आपला पेंटर मात्र, वेगळा करार नसेल तर, इथे मार खातो.) नोकरीत राहून लिहिलेल्याचा नियम निराळा.

हक्क द्यायचा तर कलम 19 लेखी कागद आणि सही मागते. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षे, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. कागदच नसेल तर पाकीट म्हणजे फार तर त्या कामापुरती परवानगी.

हे हक्कही सहज मिळालेले नाहीत. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटसंगीताच्या खटल्यात निर्मात्याच्या बाजूने कौल दिला; गायकाला कायदा काहीच देत नाही ही खंत न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याच निकालात नोंदवली. गायकाला हक्क मिळायला 1994 उजाडले, चित्रपटाच्या गीतकाराला 2012.

वामनदादा कर्डकांनी हजारो गीते लिहिली, शेवटच्या कडव्यात 'वामन' गुंफला. ते नाव गाळून गाणारे भांडवलदारच असतात असे नाही, आपलेही असतात. गीत विकले तरी कवीचे नाव कलम 57 खाली कवीचेच राहते.

1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले आणि मजकुरात बदल मागितला. बाबासाहेबांनी नकार दिला, भाषण स्वतः छापले. 1500 प्रती दोन महिन्यांत संपल्या. बोलावणाऱ्याला मजकुराची मालकी मिळत नाही, हे त्यांनी कृतीने दाखवले.

यंदा मंडळांनी पावतीपुस्तकासोबत एक साधा कागदही ठेवावा. गीताचे नाव, कवीचे नाव, रक्कम, किती वर्षे, कोणत्या माध्यमासाठी, आणि दोघांच्या सह्या.