सळईच्या गावात पत्र्याचा खांब

जालन्यात लोखंड किलोवर बोलते. एमआयडीसीतल्या भट्ट्यांत भंगार वितळते, त्याचे बिलेट होतात, तापलेले बिलेट रोलिंग मिलमधून लांबत जातात आणि शेवटी पाण्याचा मारा खाऊन टीएमटी सळई बाहेर पडते. बांधकामावरच्या कुठल्याही सुपरवायझरला झोपेतून उठवून सळईचे वजन विचारा, तो सूत्र सांगेल: व्यासाचा वर्ग भागिले १६२. म्हणजे १२ मिमीची सळई मीटरला सुमारे ८९० ग्रॅम.

आता हेच ८९० ग्रॅम पोलाद वेगळ्या रूपात घेऊ. जस्ताचा मुलामा दिलेला ०.६ मिमी जाडीचा पत्रा, रुंदी १९० मिमी. त्याच्या एका मीटरचे वजनही जवळपास तेवढेच भरते. ही पट्टी न तापवता, थंडच, रोलरच्या जोड्यांमधून नेली की तिला एकेक घडी पडत जाते आणि शेवटी इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराचा पोकळ खांब तयार होतो. ९० मिमीची पाठ, ४०-४० मिमीचे दोन पंख आणि पंखांच्या टोकाला आत वळलेला १० मिमीचा काठ. ऑफिसांमधली जिप्समची पार्टिशने ज्यावर उभी असतात, तोच हा स्टड.

दोघांनाही तीन मीटर उंच उभे करून डोक्यावर वजन ठेवले तर? सळई ओढून तोडायची तर साडेपाच टन ओढसुद्धा तिला पुरत नाही. पण नुसती उभी केली, तर लेओनार्ड ऑयलरने अठराव्या शतकात मांडलेल्या गणिताप्रमाणे ती साधारण २३ किलोलाच वाकते. तांदळाचे एक पंचवीस किलोचे पोते तिला पुरे. दोष पोलादाचा नाही. वाकण्याला होणारा विरोध धातू किती यापेक्षा तो मध्यरेषेपासून किती लांब आहे यावर ठरतो, आणि तोही अंतराच्या वर्गाने. सळईत सगळा धातू मध्याला बिलगून बसलेला. स्टडमध्ये तो पाठीच्या दोन्ही टोकांना, पंखांमध्ये पांगलेला. हिशेब केला तर पाठीच्या दिशेने स्टड त्याच वजनाच्या सळईपेक्षा सुमारे १४५ पट ताठ निघतो. (सळईवर अन्याय नको: ती काँक्रीटच्या पोटात राहण्यासाठीच जन्मली आहे, आणि तिथे काँक्रीट तिला वाकू देत नाही.)

मग पत्रा आणखी पातळ आणि आकार आणखी मोठा का करू नये? इथेच स्टडच्या रचनेतली खरी मेख आहे. पातळ पत्र्यावर दाब वाढला की अख्खा खांब वाकण्याच्या आधी पत्र्यालाच लाटा पडतात. आपल्या उदाहरणातली पाठ जाडीच्या जवळपास दीडशेपट रुंद आहे. पोलादाची निम्मी ताकदही वापरली जाण्याआधी ती सुरकुतू लागते. पंखांचे तर आणखी अवघड. पाठीला दोन्ही कडांनी आधार आहे, पंखाची एक कड मोकळी. दोन्ही कडा धरलेल्या पट्टीच्या सूत्रात ४ हा गुणांक येतो, एक कड मोकळी असेल तर ०.४३. म्हणजे सुमारे नऊ पटींचा फरक! आत वळलेला तो १० मिमीचा काठ एवढ्याचसाठी असतो. कागदावर तो नगण्य दिसतो, पण तो पंखाची मोकळी कड धरून ठेवतो. गवंड्याच्या घमेल्याचा काठ गोल वळवलेला असतो, त्यामागे हात कापू नये एवढेच कारण नसते.

गंमत अशी की लाटा पडल्या म्हणून पत्रा संपत नाही. मधला भाग माघार घेतो आणि घड्यांजवळच्या पट्ट्या उरलेला भार उचलतात. १९३२ मध्ये थिओडोर फॉन कार्मान यांनी विमानांच्या पातळ पत्र्यांसाठी ही ‘प्रभावी रुंदी’ची कल्पना मांडली. १९३९ पासून अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जॉर्ज विंटर यांनी पत्र्याचे नमुने दाबून-मोडून तिला इमारतींच्या कामाचे केले, आणि १९४६ मध्ये तिथली अशा बांधकामाची पहिली संहिता आली. आपल्याकडची आयएस ८०१ ही संहिता १९७५ ची आहे. पन्नाशी गाठली तरी बांधकामवाल्यांच्या बोलण्यात तिचे नाव क्वचितच निघते.

आडव्या दिशेने हा खांब पाठीच्या दिशेच्या जेमतेम सहाव्या हिश्शाइतका ताठ असतो. ती उणीव दोन्ही बाजूंना स्क्रूने आवळलेले बोर्ड भरून काढतात. बोर्ड म्हणजे नुसते झाकण नव्हे. स्क्रू विरळ मारले तर भिंत बाहेरून तशीच दिसते, आतून मात्र कमजोर होते. घराचा भार घेणाऱ्या भिंतीत पत्राही जाड लागतो आणि चौकट तिरपी होऊ नये म्हणून कर्णरेषेत पट्ट्याही लागतात.

एवढा खटाटोप कशाला? मराठवाड्याला हे सांगायला फार लांब जावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली, तेव्हा गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर माणसे झोपेत होती. हजारो माणसे गेली, ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंतींखाली आणि मातीच्या माळवदांखाली. काही घरांत लाकडी खांब-तुळयांचे खण तसेच उभे राहिले आणि भोवतीच्या भिंती ढासळल्या. भूकंपात भिंतीवर येणारा आडवा धक्का तिच्या वस्तुमानाच्या प्रमाणात असतो. दोन फूट जाड दगडी भिंतीचा एक चौरस मीटर सव्वा ते दीड टन भरतो. नऊ इंची विटांची, गिलावा केलेली भिंत अर्ध्या टनाच्या आसपास. स्टड आणि जिप्सम बोर्डांची भिंत सुमारे २५ किलो. जमिनीचे त्वरण गुरुत्वाच्या एक दशांश धरले, तर दगडी भिंत चौरस मीटरमागे सव्वाशे किलोंवर रेटा देते आणि ही हलकी भिंत अडीच किलो. भूकंपाच्या सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यातल्या आगरतळ्यात, १ जानेवारी २०२१ रोजी पायाभरणी झालेल्या सहा ‘लाइट हाउस’ प्रकल्पांपैकी एकात, हजार घरांसाठी हलक्या पोलादी चौकटीचे तंत्र निवडले गेले ते उगाच नव्हे. हलकेपणाची किंमत वाऱ्यात मोजावी लागते, म्हणून अशी घरे पायाला घट्ट बोल्ट करावी लागतात.

जालन्याच्या उन्हाळ्यात मात्र स्टडचे दुखणे वेगळेच. दोन स्टडमध्ये ६०० मिमी अंतर, मध्ये काचलोकर भरलेली. काचलोकरीची उष्णतावाहकता ०.०४, पोलादाची ५० च्या घरात. ०.६ गुणिले ५० म्हणजे ३०. ५९९ गुणिले ०.०४ म्हणजे २४. म्हणजे सोप्या हिशेबातसुद्धा पापुद्र्याएवढा पत्रा बाकीच्या सगळ्या काचलोकरीपेक्षा जास्त उष्णता आत आणतो! थंडीच्या देशांनी, विशेषतः स्वीडनसारख्यांनी, यावर उपाय म्हणून पाठीला लांबट खाचांच्या रांगा पाडल्या. उष्णतेला सरळ वाट मिळत नाही, खाचांना वळसे घालत जावे लागते. आपल्याकडे बाहेरून एक अखंड उष्णतारोधक थर देणे जास्त सोपे पडेल, असे मला वाटते.

जालन्याच्या भट्टीतून हा पत्रा निघेल का? सध्याच्या पद्धतीने अवघड. भंगारासोबत तांबे येते, ते इंडक्शन भट्टीत निघत नाही. सळईत ते खपून जाते, पातळ पत्रा लाटताना चिरा पाडते. पत्र्याच्या कॉइलसाठी डोलवीतल्यासारख्या मोठ्या पोलाद कारखान्यांकडेच जावे लागेल. घड्या घालणाऱ्या यंत्राला मात्र भट्टी लागत नाही. रोलर लावणे आणि जुळवणे जालन्याच्या कारागिरांना नवे नाही. फक्त इथे दशांश मिलिमीटरची चूकही महाग पडते. पत्र्याला लाटा पाडणारा भार जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. ०.६ सांगून कोणी ०.५ मिमीचा माल उतरवला, तर वजनात १७ टक्केच तूट दिसेल, पण लाटा ४२ टक्के कमी भारालाच पडतील. म्हणून असा माल उतरवून घेताना वजनकाट्याच्या जोडीला मायक्रोमीटर हवा, आणि जाडी मोजायची ती जस्ताचा थर वगळून.