लेखी निर्देश आणि तोंडी इच्छा : आयुर्विमा महामंडळ व मुंदडा प्रकरण

आयुर्विमा हा मुळात शब्दाचा व्यवहार आहे. हप्ता भरणाऱ्याच्या हाती वस्तू येत नाही. येतो तो एक लेख, आणि त्या लेखातील वचन बहुधा त्याच्या पश्चात पाळावयाचे असते. ज्याला वचन दिले तो ते पाळले गेले की नाही हे पाहण्यास उरत नाही. म्हणूनच या व्यवहाराला तिऱ्हाईत राखणदाराची गरज इतर कोणत्याही व्यापारापेक्षा अधिक भासते. भारतात ही राखणदारी कशी उभी राहिली व कोठे ढासळली, याचा सर्वांत बोलका पुरावा १९५७-५८ च्या मुंदडा प्रकरणात सापडतो. अर्थशास्त्रज्ञांनी व विधिज्ञांनी त्याचा विचार पुष्कळ केला आहे. परंतु त्या प्रकरणाचा गाभा लेखी व तोंडी भाषेतील अंतराचा आहे, आणि त्या दृष्टीने ते वाङ्मयाच्या अभ्यासकांच्याही कक्षेत येते.

मुंबईत १८७४ साली ओरिएंटल ही विमा कंपनी निघाली. स्वदेशीच्या चळवळीनंतर लहान गावांतूनही एतद्देशीयांच्या कंपन्या उभ्या राहिल्या. साताऱ्यास अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ मध्ये स्थापन केलेली वेस्टर्न इंडिया ही त्यांपैकी एक. या वाढत्या पसाऱ्यावर देखरेख ठेवण्यासाठी १९३८ चा विमा अधिनियम झाला आणि विमा अधीक्षकाचे पद निर्माण झाले. १९५० च्या दुरुस्तीने त्याला ‘विमा नियंत्रक’ म्हटले गेले, त्याचे अधिकार वाढले आणि विमेदारांचा पैसा कोठे गुंतवावा यावर कडक बंधने आली. नाव बदलले, अधिकार वाढले. पण नियंत्रकाची दृष्टी पोचेपर्यंत पैसा पुढे गेलेला असे. तत्कालीन अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी दिलेल्या माहितीनुसार राष्ट्रीयीकरणापूर्वीच्या दशकात पंचवीस विमा कंपन्यांचे दिवाळे वाजले, आणि आणखी पंचवीस कंपन्यांचा कारभार विमेदारांस तोटा सोसावयास लावून दुसऱ्या कंपन्यांकडे सोपवावा लागला.

यांतील सर्वांत गाजलेले उदाहरण भारत इन्शुरन्स कंपनीचे. तिचे सूत्रधार रामकृष्ण दालमिया यांनी कंपनीच्या सुमारे दोन कोटी वीस लाख रुपयांचा अपहार केल्याचे १९५५ च्या चौकशीत उघड झाले. सट्ट्यातील तोटा भरून काढण्यासाठी हा पैसा वळविला गेला होता, आणि त्यातील बराच व्यवहार मुंबईतील बँकखात्यातून झाला होता. हा खटला पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व १९६२ मध्ये तेथे दोषसिद्धी कायम झाली. डिसेंबर १९५५ मध्ये या प्रकरणाचा लोकसभेत पाठपुरावा करणारे सदस्य होते फिरोज गांधी. हे नाव पुन्हा येणार आहे.

देशमुखांनी यावर जो उपाय योजला तो मुळावर घाव घालणारा होता. १९ जानेवारी १९५६ रोजी अध्यादेश निघाला आणि त्याच संध्याकाळी त्यांनी नभोवाणीवरून तो राष्ट्राला समजावून सांगितला. १५४ भारतीय कंपन्या, १६ विदेशी कंपन्या व ७५ भविष्यनिर्वाह संस्था, एकूण २४५ संस्थांचा आयुर्विम्याचा व्यवसाय शासनाच्या हाती आला. विमेदारांच्या पैशाबाबत विश्वस्तवृत्ती हवी आणि खासगी चालकांत तिचाच अभाव आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. ‘मेघदूता’चा मराठी अनुवाद करणाऱ्या या अर्थमंत्र्यांची शब्दावरील पकड ढिली नव्हती, ‘विश्वस्त’ हा शब्द त्यांनी अलंकार म्हणून वापरला नाही. महामंडळ १ सप्टेंबर १९५६ रोजी अस्तित्वात आले, परंतु तत्पूर्वीच मुंबईच्या प्रश्नावर देशमुख मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते. त्यांच्या जागी टी. टी. कृष्णम्माचारी आले.

महामंडळाने आपले बोधवाक्य गीतेच्या नवव्या अध्यायातून घेतले, आणि मुंबईतील त्याच्या मुख्य वास्तूचे नावही ‘योगक्षेम’ असेच आहे. शांकरभाष्यानुसार योग म्हणजे जे मिळालेले नाही ते मिळविणे आणि क्षेम म्हणजे मिळालेल्याचे रक्षण. महामंडळाच्या पहिल्या वर्षी योग भरभरून होता. साताऱ्यातील शिक्षकाचा हप्ता आणि झाशी जिल्ह्यातील मऊरानीपुराच्या विणकराचा हप्ता आता एकाच निधीत येऊन पडू शकत होता. प्रश्न क्षेमाचा होता. पूर्वी कंपनी एक व तिच्यावर देखरेख ठेवणारे शासन दुसरे, अशी दुहेरी व्यवस्था होती. आता मालक तोच आणि राखणदारही तोच झाला.

१९५६ च्या कायद्याला या धोक्याची मुळीच जाणीव नव्हती असे म्हणता येत नाही. त्याच्या एकविसाव्या कलमानुसार लोकहिताशी निगडित अशा धोरणविषयक बाबींत केंद्र शासन महामंडळाला लेखी निर्देश देऊ शकते. एखादी बाब अशा धोरणाची आहे की नाही असा वाद उत्पन्न झाल्यास शासनाचाच निर्णय अंतिम. हे कलम सावकाश वाचले पाहिजे. त्याच्या उत्तरार्धाने शासनाला सर्व काही बहाल केले आहे. पूर्वार्धातील ‘लेखी’ हा एक शब्द तेवढा शासनाचा हात धरतो. निर्देश लिहावा लागतो म्हणजे कोणीतरी त्याखाली सही करतो, तो दप्तरी राहतो, उद्या संसदेपुढे ठेवता येतो. महामंडळाची स्वायत्तता या एका विशेषणावर उभी होती.

जून १९५७ च्या अखेरच्या आठवड्यात ती कोसळली. हरिदास मुंदडा या कलकत्त्याच्या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे समभाग महामंडळाने सुमारे सव्वा कोटी रुपयांना घेतले. जेसप, रिचर्डसन क्रुडास, स्मिथ स्टॅनिस्ट्रीट, ऑस्लर लॅम्प्स, एंजेलो ब्रदर्स आणि कानपूरचे ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन या त्या कंपन्या. मुंदडा त्या वेळी आर्थिक अडचणीत होते, आणि ही गोष्ट बाजारात गुपित नव्हती. गुंतवणुकीबाबत सल्ला देण्यासाठीच असलेल्या महामंडळाच्या समितीला आधी विचारले गेले नाही. व्यवहार झाल्यावर तिला तो कळला. शासनाचा लेखी निर्देशही कोठे नव्हता. होती ती अर्थसचिव एच. एम. पटेल यांच्याशी झालेली बोलणी.

मराठी कचेरीच्या भाषेत अशा गोष्टीला अनेक नावे आहेत : साहेबांचे म्हणणे, वरून आलेला निरोप, तोंडी सूचना. त्यांतील कोणतेही नाव कायद्याच्या कलमात बसत नाही, आणि प्रत्यक्षात मात्र त्यांचे पालन लेखी आदेशाहून अधिक तत्परतेने होते. सल्ला कोठे संपतो व आज्ञा कोठे सुरू होते हे बोलणाऱ्याच्या हुद्द्यावरून ठरते.

सप्टेंबर १९५७ मध्ये राम सुभग सिंह यांनी लोकसभेत या खरेदीबद्दल प्रश्न विचारला, तेव्हा मिळालेले उत्तर टाळाटाळीचे होते. १६ डिसेंबरला फिरोज गांधींनी विषय तपशिलासह मांडला. ते सत्ताधारी पक्षाचेच सदस्य होते, पंतप्रधानांचे जावई होते. तरीही हे काम त्यांनाच करावे लागले यातच यंत्रणेची स्थिती कळते. विमा नियंत्रक, गुंतवणूक समिती, अर्थखाते, यांपैकी कोणाच्याही दप्तरातून हे प्रकरण आपण होऊन बाहेर आलेले नाही.

१७ जानेवारी १९५८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश महंमद करीम छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. चौकशी मुंबईत, उघड्या दारांनी झाली. दालनात जागा पुरेना म्हणून बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड यांनी आयोगाला साहाय्य केले. आयोगासमोर जे उलगडले ते एका अलिखित वाक्याचे निरनिराळे पाठ होते. सचिवांच्या पाठानुसार मंत्र्यांची संमती होती. मंत्र्यांच्या पाठानुसार त्यांनी या व्यवहाराला मान्यता दिलेली नव्हती. महामंडळाच्या बाजूने सचिवांचे म्हणणे ही शासनाची इच्छा समजली गेली होती. पाठभेद ठरविण्यास मूळ संहिता लागते, आणि येथे संहिताच नव्हती. कलकत्त्याचा शेअरबाजार सावरण्यासाठी खरेदी केली, हे समर्थनही पुढे आले. बाजार सावरायचा तर एकाच माणसाचे समभाग का, याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही आणि छागलांनी ते समर्थन स्वीकारले नाही.

चोवीस दिवसांत, १० फेब्रुवारीस, अहवाल आला. इतक्या त्वरेने आलेला दुसरा चौकशी अहवाल शोधावा लागेल. स्वायत्त महामंडळाच्या कारभारात शासनाने ढवळाढवळ करू नये, करावयाचीच असेल तर लेखी निर्देश देण्याची जबाबदारी टाळू नये; महामंडळाचा निधी विमेदारांच्या हितासाठीच वापरावा; आणि सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याने स्वीकारली पाहिजे, ही त्यातील महत्त्वाची प्रमेये. त्याच महिन्यात कृष्णम्माचारी पायउतार झाले. अधिकाऱ्यांच्या वर्तनाचा विचार पुढे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांच्या मंडळाने केला. व्यक्तींच्या दृष्टीने पाहता शिक्षा टिकाऊ ठरली नाही : कृष्णम्माचारी १९६३ मध्ये पुन्हा अर्थमंत्री झाले आणि १९७७ मध्ये ते पद एच. एम. पटेल यांच्याकडे आले.

या प्रकरणाचा विचार करताना ‘कुंपणच शेत खाते’ ही म्हण सहज आठवते, पण ती पुरती लागू पडत नाही. दालमिया प्रकरणात शेत खाल्ले ते मालकाने, कुंपण केवळ ठेंगणे पडले. मुंदडा प्रकरणात कुंपण व मालक वेगळे उरलेच नव्हते. छागलांनी व्यक्तींच्या दोषाबरोबर तत्त्वेही सांगितली, तरी ती पाळली जातात की नाही हे पाहणारी स्वतंत्र संस्था निर्माण झाली नाही. त्यानंतर पस्तीस वर्षांनी, १९९३ मध्ये, रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर आर. एन. मल्होत्रा यांची समिती नेमली गेली आणि १९९४ मध्ये तिने स्वतंत्र नियामकाची शिफारस केली. विमा नियामक व विकास प्राधिकरणाचा कायदा १९९९ च्या डिसेंबरात संमत झाला, प्राधिकरण २००० मध्ये स्थापन झाले. मे २०२२ मध्ये महामंडळाचेच समभाग बाजारात विक्रीस आले. शासनाने त्यांपैकी साडेतीन टक्के विकले आणि उरलेले स्वतःकडे ठेवले.