मागचं हाउझिंग कोण धरतं?

नाशिकला बनलेली थार कसारा घाट उतरून मुंबईकडे निघाली, की ठाणे जिल्ह्यातला पहिला तालुका लागतो तो शहापूर. त्याच रस्त्यावर तिच्या शेजारून भाजीचे क्रेट लादलेली बोलेरो पिकअप जाते. दोघी एकाच कंपनीच्या. दोघींच्याही मागच्या दोन चाकांना जोडणारं हाउझिंग एकसंध, पोलादी. पण वाकून खाली पाहिलं, तर ते हाउझिंग चेसीला धरून ठेवण्याची रीत दोघींची पूर्ण वेगळी: पिकअपला पाटे, थारला कॉइल आणि दांडे.

पाटा मोठा कामसू. वजन तो पेलतो, हाउझिंगला मागेपुढे किंवा आडवं सरकू देत नाही, आणि पाट्यांच्या आपसातल्या घर्षणातून थोडंफार शॉकअपचंही काम करतो. महिंद्राने १९४७ मध्ये विलीज जीपची जोडणी सुरू केली, तेव्हा त्या जीपला पुढेमागे पाटेच होते. १९८५ मध्ये आलेल्या मारुती जिप्सीलाही चारी बाजूंना पाटे. २०१० च्या पहिल्या थारला पुढे टॉर्शन बार मिळाला, तरी मागे पाटे राहिले.

शहापूरशेजारच्या मुरबाडला आजही रेल्वे नाही. धसई, टोकावडे, म्हसा या बाजूंची माणसं आणि माल रस्त्यानेच ये-जा करतात, आणि तिथे पाट्याची सद्दी का टिकली हे वेगळं सांगावं लागत नाही. पोती वाढली तर एखादा पाटा वाढवता येतो. मेन पाटा तुटला तर तो बदलण्याचं काम तालुक्याच्या गावातल्या गॅरेजात होतं.

मात्र पाट्याच्या खोडीही आहेत. भरलेली गाडी माळशेज घाटाच्या चढावर पहिल्या गिअरमध्ये जोर लावते, तेव्हा हाउझिंग स्वतःभोवती पीळ खातं आणि पाटा इंग्रजी ‘एस’सारखा वाकतो. चाक निसटलं की तो पीळ झटक्यात सुटतो, चाक थडथड आपटतं आणि पकड आणखी जाते. रिकामी गाडी उडते ती वेगळीच.

कॉइल फक्त वजन पेलते. हाउझिंग धरून ठेवणं तिच्या आवाक्यातलं नाही. म्हणून कॉइल आली की दांडे आलेच. १९७० च्या रेंज रोव्हरने हा मार्ग ठळक केला: मागे दोन लांब दांडे, आणि वर मधोमध ‘ए’च्या आकाराचा आर्म. हा आर्म पीळही रोखतो आणि हाउझिंगला आडवं सरकूही देत नाही. २०२३ मध्ये भारतात आलेल्या जिम्नीला पुढेमागे तीन-तीन दांडे: दोन चेसीच्या लांबीच्या दिशेने, एक आडवा. यातला प्रत्येक लांब दांडा हाउझिंगला दोन रबरी बुशांनी पकडतो. त्यामुळे पीळ आटोक्यात राहतो. पण एक चाक कातळावर आणि दुसरं खड्ड्यात गेलं की सगळी ओढाताण बुशच्या रबरावर येते. चार लांब दांडे आणि एक आडवा, अशा पाच दांड्यांच्या रचनेत हीच हालचाल जास्त मोकळी होते.

आडव्या दांड्याला पॅनहार्ड रॉड म्हणतात. त्याचं एक टोक चेसीला, दुसरं हाउझिंगला. म्हणजे हाउझिंग वरखाली होताना सरळ न जाता कमानीत फिरणार. समजा दांडा ९०० मिमीचा आणि आडवा सपाट आहे. हाउझिंग १०० मिमी वर गेलं, तर ते बाजूला सरकतं साडेपाच मिमीच्या आसपास. इतक्याची कुणी दखलही घेत नाही. पण उंच स्प्रिंग घालून गाडी उचलली आणि दांडा आधीच १०० मिमी तिरका झाला, तर त्याच दिशेने पुढच्या १०० मिमीत सरकणं सुमारे १७ मिमीवर जातं. हौसेने गाड्या उंच करणाऱ्यांनी आधी हा हिशेब करावा. मोटार वाहन कायद्याचं, गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ नंतर वाचलं तरी चालेल, पण वाचावंच.

२०२२ च्या स्कॉर्पिओ-एनमध्ये आणि २०२४ च्या थार रॉक्समध्ये पॅनहार्डच्या जागी वॉट लिंकेज आलं. मधोमध फिरणारा एक छोटा तुकडा, त्याच्या दोन टोकांना दोन बाजूंचे आडवे दांडे. एकाची कमान दुसरा फेडतो, आणि हाउझिंग जवळजवळ सरळ रेषेत वरखाली होतं. जेम्स वॉटने ही युक्ती १७८४ मध्ये वाफेच्या इंजिनासाठी पेटंट केली होती! जाहिरातीत तिचा गवगवा डोंगर-दऱ्यांच्या चित्रांसोबत होतो, पण तिची खरी कमाई महामार्गावर आणि घाटातल्या वळणांवर. गोरखगडाच्या पायथ्याशी, देहरीजवळच्या ओढ्यात गाडी माणसाच्या चालीने चढते तेव्हा चाक किती खाली लोंबतं हे महत्त्वाचं. हाउझिंग पाच-सहा मिमी बाजूला गेलं तर बिघडत नाही.

तेव्हा रोज माल वाहणाऱ्याने पाटे सोडण्याचं कारण नाही. माणसं आणि हौस वाहणाऱ्या गाडीला २०२० च्या थारसारखे कॉइल आणि अनेक दांडे (मल्टिलिंक) बरे, पण मग देखभालीची जागा बदलते. पाट्याचं दुखणं बाहेरून दिसतं: सरकलेला सेंटर बोल्ट, ढिला यू-बोल्ट, तडकलेला पाटा. दांड्यांचं दुखणं बुशात लपतं. चिखल धुवावा, दांडा आणि त्याच्या ब्रॅकेटच्या मध्ये पहार घालून हलकेच दाब द्यावा. रबराची फट उघडली किंवा ‘कट्’ आवाज आला, तर बुश गेलं. ही तपासणी पावसाळ्यानंतर, भातखाचरांचा गाळ वाळायच्या आत केलेली सोयीची. वाळलेला गाळ बोल्टाभोवती असा बसतो की पाना लागत नाही.