घरोघरी लॅटिन

लोकलच्या सवलतीच्या पासाची वेळ आली, की घरात हुकूम सुटतो, "आज शाळेतून बोनाफाईड घेऊन ये!" मूळचे शब्द दोन, 'बोना फिडे', आणि त्यांचा अर्थ 'सचोटीने'. पुढचा 'दाखला' आपण कधीच गाळून टाकला. तेव्हा शाळेच्या खिडकीपाशी रांगेत उभे असलेले चिरंजीव, काटेकोरपणे पाहिले तर, कारकुनाकडे नुसती सचोटी मागत असतात!

असो. लॅटिनचा खरा मुक्काम आहे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. चिठ्ठीच्या आरंभी इंग्रजी 'आर'च्या पायाला फुली मारल्यासारखी खूण असते ना, ती 'रेसिपे' या क्रियापदाची. अर्थ 'घे'. ही आज्ञा रोग्याला नव्हे, औषध बनवणाऱ्याला: अमुक घे, तमुक घे आणि मिसळ. चकलीच्या कृतीला आपण हल्ली ऐटीत 'रेसिपी' म्हणतो, तो शब्द याच चिठ्ठीतून स्वयंपाकघरात आला.

त्याखाली 'बी. डी.' असेल तर 'बिस दिए', दिवसातून दोनदा; 'टी. डी. एस.' असेल तर तीनदा. यातल्या 'बिस' आणि 'तेर' यांचे संस्कृतातले सख्खे भाऊ म्हणजे 'द्विः' आणि 'त्रिः'. 'ए. सी.' म्हणजे जेवणापूर्वी, 'पी. सी.' म्हणजे जेवणानंतर.

पण सर्वांत घोटाळ्याचे प्रकरण 'एस. ओ. एस.'चे. बुडत्या जहाजाचा बिनतारी संदेश आपल्याला ऐकून ठाऊक. त्यामुळे ही अक्षरे चिठ्ठीवर पाहून आजीच्या काळजाचा ठोका चुकतो. वास्तविक जहाजाच्या त्या तीन अक्षरांना स्वतःचा अर्थच नाही. तारेवर चटकन ओळखू येतात म्हणून ती निवडली. चिठ्ठीवरची मात्र 'सि ओपुस सित' या शब्दांची आद्याक्षरे आहेत. अर्थ 'गरज पडल्यास'. म्हणजे दुखले तर गोळी घ्यायची, नाही तर डबीत राहू द्यायची. कित्येक जण ती सकाळ-संध्याकाळ नेमाने गिळतात! डॉक्टरांना दोन वेळा विचारले म्हणून काही आपली अब्रू जात नाही.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण लॅटिनसाठी चढावीच लागते. 'ॲफिडेव्हिट' म्हणजे 'त्याने शपथेवर सांगितले आहे', एका शब्दात अख्खे वाक्य. 'ॲलिबी' म्हणजे नुसते 'दुसरीकडे'. आरोपीचे सारे म्हणणे तेवढेच तर असते!

आणि मग 'हेबिअस कॉर्पस'. शब्दशः 'देह तुझ्याजवळ असू दे'. हा देह प्रेत नव्हे, जिताजागता माणूस. इंग्लंडात राजाच्या न्यायालयाकडून तुरुंगाधिकाऱ्याला हुकूम जाई: तुझ्या ताब्यातल्या अमक्याला देहाने आमच्यापुढे आण आणि त्याला का कोंडलेस ते सांग. 1679 साली तिथल्या पार्लमेंटने त्याला कायद्याचे बळ दिले. आपल्या राज्यघटनेच्या 32 आणि 226 या कलमांत हे शब्द नावानिशी आहेत. कोंडलेल्याच्या वतीने त्याची आई, बायको किंवा मित्रही असा अर्ज करू शकतो.

1975 च्या आणीबाणीत 'मिसा'खाली हजारो माणसे आत गेली आणि घरोघरच्या बायकामुलांना या दोन शब्दांचाच काय तो आधार उरला. कित्येक उच्च न्यायालयांनी असे अर्ज ऐकण्याजोगे ठरवले. पण 28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी दार लावून घेतले. विरोधात एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना. पुढे 1977 साली ज्येष्ठता डावलून त्यांच्या कनिष्ठाला सरन्यायाधीश केले, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला.

त्या चौघांत आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो निकाल चुकीचा ठरवून रद्द केला. तसे निकालपत्रात लिहिणारे न्यायमूर्ती होते धनंजय चंद्रचूड, यशवंतरावांचे चिरंजीव.